घरी आणलेलं पातेलं

४ मार्च

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. शाळेच्या गणवेशांची एवढी मोठी ऑर्डर एकटीने अंगावर घेतलीस, आता कंबर धरून बसशील तेव्हा दादाची आठवण काढ. मेहुण्यांना म्हणावं, पेपर वाचून झाला असेल तर निदान बटणं तरी लावा.

एक किरकोळ गोष्ट विचारायची होती. घरी दूध तापवताना पातेलं लागलं. लागलं म्हणजे चांगलंच करपलं. स्टीलचं आहे. तळाला काळा थर बसलाय, नखाने खरवडला तरी हलत नाही. मागे तू सोड्याचं काहीतरी करायचीस, तेवढं लिहून कळव. फोन करू नकोस, फोनवर तू हसतेस.

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो शिवणीच्या टाक्यासारखा पक्का ठेव.

तुझा,
दादा

९ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. सव्वीस वर्षं दवाखान्यातल्या साठ माणसांचं रांधणाऱ्या आमच्या दादाचं दूध करपलं म्हणजे कमालच झाली! तू बाहेरच्या पायरीवर बसून सांगायचास की आत दूध वर येतंय, आणि ते खरंच येत असायचं. मी एकदा घड्याळ लावून भात केला, तर महिनाभर माझा जीव नकोसा केला होतास.

असो. काळा थर बुडेल एवढं पाणी घाल, दोन चमचे खाण्याचा सोडा टाक आणि दहा मिनिटं उकळू दे. मग गॅस बंद करून तसंच ठेव. पाणी कोमट झालं की लाकडी उलथन्याने हलक्या हाताने सोडवत जा. राहिलेल्या डागांवर सोड्याचा ओलसर लेप तासभर ठेव. निळसर झाक राहिलीच तर व्हिनेगरने पुसून घे. तारेची घासणी अजिबात लावायची नाही. चरे पडतात आणि पुढच्या वेळी तिथंच लागतं. हे तूच मला शिकवलंस, तेही हातावर चापट मारून.

हे नमस्कार सांगतात. बटणं मात्र अजून मीच लावतेय. तुझी माया अशीच राहू दे.

तुझी,
ठकू

१६ मार्च

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. उपाय लागू पडला, पण दोन चमच्यांनी काही होईना. अख्खा पुडा गेला. पातेलं एका शेगडीवर मावत नाही, दोन्हींवर मिळून ठेवतो, त्यामुळे पाणी उकळायलाच अर्धा तास लागतो. घासताना हात कोपरापर्यंत आत जातो. पण तळ असा लखलखीत झालाय की त्यात तोंड बघून दाढी करावी.

आता दुसरं एक आहे. सुपाचं. टोमॅटो करपला असेल तर सोड्याने निघतो का, की आणखी काही करावं लागतं? जरा लवकर कळव, बुधवारच्या आत हवं आहे.

मेहुण्यांना नमस्कार. लोभ असावा.

तुझा,
दादा

२० मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. टोमॅटोही सोड्यानेच निघतो. आता मी विचारते त्याचं उत्तर दे.

एकट्या माणसाच्या घरात दोन शेगड्यांवर मावणारं दुधाचं पातेलं कुठून आलं? ते दवाखान्याचं आहे. तिथल्या कुणाला दिसू नये म्हणून तू ते घरी आणून घासतोयस. तुझ्याशिवाय हे कुणाला सुचणार?

आणि दुसरं. गेल्या महिन्यात तू आला होतास तेव्हा मी बाजारातून परतले, तर मला जिन्यातच गॅसचा वास आला. शेगडी न पेटवता चालू राहिली होती आणि तू तिच्या शेजारी स्टुलावर निवांत पेपर वाचत बसला होतास. सर्दी झालीय म्हणालास. मी खिडक्या उघडल्या, तुझ्यावर ओरडले आणि विषय सोडून दिला. दादा, अशी महिनाभर कसली सर्दी राहते? तुला वास येत नाही ना? मला काळजी वाटतेय, आढेवेढे न घेता लिही.

तुझी,
ठकू

२६ मार्च

चि. ठकूस,

आशीर्वाद. नाही येत.

डिसेंबरात ताप आला होता, तेव्हापासून. एक दिवस कांदा परतायला टाकला आणि काहीच आलं नाही. आधी वाटलं कांदाच वाईट आहे. दोन भाजीवाले बदलले. मग गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांकडे गेलो. आमच्या दवाखान्यात दाखवलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं. ते म्हणाले, कदाचित परत येईल, कदाचित नाही.

मी सांभाळून करतो. वाफ बघतो, आवाज ऐकतो, सारखा ढवळत राहतो. तीनदाच चुकलं. तू कुणाला सांगू नकोस. मला दुसरं काही येत नाही गं. आमच्या सुपरवायझर बाई नव्या मुलींना सांगतात की शंका आली तर दादांच्या नाकाला विचारा. ते नाकच गेलं म्हटल्यावर मी तिथं कोण उरतो?

तुझा,
दादा

३१ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून खूप रडले. उद्या माझी नजर गेली तर मीही हेच करेन, लपवेन. म्हणून तुला नावं ठेवत नाही.

पण करपलेलं तुला निदान दिसतं तरी. नासायला लागलेलं दूध, खवट झालेलं तेल, ह्यांचा डाग पातेल्याला पडत नाही. तुझी साठ माणसं आजारी आहेत. त्यांना जेवण वाईट लागलं तर ती म्हणतील की तोंडालाच चव नाही, आणि गुमान खातील. तक्रारही करणार नाहीत.

आठ दिवसांत तू स्वतः सांग. नाही सांगितलंस तर मी येऊन तुमच्या बाईंना सांगेन. मग जन्मभर माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ठकू

७ एप्रिल

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. सांगितलं.

सोमवारी घासून झालेलं तिसरं पातेलं मागच्या दाराने न नेता पुढच्या दाराने नेलं. बाईंनी विचारलं, मी सगळं बोललो. त्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी दोन कप दूध माझ्यापुढे ठेवलं, एक ताजं आणि एक नासायला लागलेलं, आणि वास घेऊन चांगलं कोणतं ते दाखवा म्हणाल्या. सगळ्या मुली बघत होत्या. मी दोन्ही कप नाकाशी धरले, पुन्हा धरले, आणि एकावर बोट ठेवलं. चुकीच्या. मी एप्रन काढून टेबलावर ठेवला.

बाई रागावल्या, पण वास गेला म्हणून नाही, तीन महिने लपवलं म्हणून. त्यांचं बरोबरच आहे. मग म्हणाल्या, उद्यापासून चिरायच्या टेबलावर बसा. शेगडी आता माझ्या हाताखालच्या मुलीकडे आहे.

काल मी शेगडीकडे पाठ करून गाजरं सोलत होतो. एकदम सगळ्यांच्या माना वर झाल्या आणि दोघीजणी धावल्या. दूध नुकतंच तळाला धरायला लागलं होतं. सव्वीस वर्षं त्या खोलीत सगळ्यांच्या आधी मला कळायचं. काल त्यांच्या तोंडांकडे बघून कळलं, सगळ्यांच्या शेवटी. फार वाईट वाटलं, ठकू, तुझ्यापासून काय लपवू. पण दूध वेळेत उतरवलं आणि साठही जणांना मिळालं. शेगडीपाशी मी असतो तर मिळालं नसतं.

लोभ असू दे. यापुढे मला तो जरा जास्त लागेल.

तुझा,
दादा