परत पाठवलेलं कार्ड

बुधवार, दि. १७
सकाळी, चहा झाल्यावर

प्रिय खारू,

अनेक आशीर्वाद. तू ठीक असशील असं धरून चालतो. आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा जिना चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही, असं तिचं म्हणणं. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं उलट असतं. त्यावर ती त्यांना म्हणाली, "मग बहुतेकांना बोलवा, मी जाते." म्हणजे बरीच आहे.

इकडे काम चालू आहे. साबण करणाऱ्या बाईंची टॅगची ऑर्डर आली आहे. कोपरे गोल, वर भोक, त्यात सुतळी. त्यांना कोवळ्या पानाचा हिरवा हवा होता. तो तयार मिळत नाही, शिक्का आधी पिवळ्या शाईच्या पॅडवर दाबून मग हिरव्यावर हलकेच टेकवावा लागतो, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, साबण फेसात जाणार आणि टॅग कचऱ्यात. कशाला एवढा जीव काढता?" मी ऑर्डर लिहून घेतली. हल्ली मी वाद घालत नाही, हे तुला खरं वाटणार नाही.

डायने कागदाचे आकार कापायच्या मशीनची खालची प्लेट वाकली आहे. उलटी घालून वापरतो, म्हणजे ती दुसऱ्या बाजूने वाकून सरळ होते. नवीन घ्या असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे आई.

आता तू म्हणशील, बाबा एवढं सांगायला पत्र लिहायला बसणारे नव्हेत. नाहीच.

तुझ्या कार्डाबद्दल लिहायचं आहे.

माझ्याकडे टपालाने नमुने येतात हे तू पाहिलेलं आहेस. शिकणारी मंडळी कार्ड करून पाठवतात, मी लाल पेन्सिलीने चुकांवर खुणा करतो, मागे शेरे लिहितो आणि आल्या पत्त्यावर परत धाडतो. मला कोणी शिकवलं नाही. शाई ओली असताना घडी मारायची नसते एवढं कळायला माझे निम्मे कागद वाया गेले. दुसऱ्याचे जाऊ नयेत, एवढाच हेतू. तुझं पाकीट त्या आठवड्याच्या गठ्ठ्यात आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता अनोळखी, आत मजकूर नाही, सही नाही. मी ते नमुन्यांतलंच समजलो. पाच शेरे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी परत टाकलं. इतकं साधं झालं.

रविवारचं आईने तुला सांगितलं असेल, पण ती सांगताना माझी बाजू घेते किंवा सोडते, मधलं काही ठेवत नाही. म्हणून मी लिहितो.

मी साबणाच्या टॅगना भोकं पाडत होतो. ती दारात आली. बाहेर जायचे कपडे, खांद्यावर पिशवी.

"अजून आवरलं नाहीत?"

"कुठे निघालीस?"

"निघालीस काय? निघालोत. साडेनऊची बस आहे."

"कुणाकडे?"

 तिने पिशवी खाली ठेवली. "अहो, कार्ड आलं ना तुम्हाला?"

"कार्डं रोजच येतात."

"पोरीचं."

खारू, मी त्या क्षणी हातातला टॅग खाली ठेवला, तो नीट गठ्ठ्यावर कडा जुळवून ठेवला, आणि म्हणालो, "ते परत पाठवलं."

"परत म्हणजे?"

"तपासून."

आई खुर्चीवर बसली. गुडघ्यामुळे नव्हे. "आत खिसा होता, खिशात टॅग होता. ओढून बघितलात?"

"घट्ट होता. तसा शेरा दिलाय. खिसा दोन मिलिमीटर जास्त रुंद हवा."

"त्या टॅगवर लिहिलं होतं, की रविवारी अकराला तिचं दुकान उघडतंय आणि फीत बाबांनी कापायची. मला तिने ताकीद दिली होती, तू सांगायचं नाहीस, माझं कार्ड सांगेल. इतके दिवस तोंडाला कुलूप लावून बसले मी. मला वाटलं, नेहमीच्या ताठ्यात आहात. आयत्या वेळी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहाल आणि मलाच म्हणाल, किती उशीर."

मी हात पुढे केले. "हात शाईने भरलेत."

"धुवा."

"ही शाई लगेच जात नाही."

"मग तसेच चला. तिने काय तुमचे हात कधी गोरे बघितलेत?"

मी म्हणालो, तू हो पुढे. ती भांडली नाही. "दार लावून घ्या," एवढंच म्हणाली. आई भांडत नाही तेव्हा काय समजायचं ते तुला माहीत आहे.

ती संध्याकाळी परत आली. मी चहा करून ठेवला होता, तो तिने घेतला आणि कप संपवला. शेवटी मीच विचारलं.

"गर्दी होती?"

"बेताची. शेजारचे दुकानदार, तिच्या मैत्रिणी."

"कार्डं कशी मांडलीत?"

"मला काय कळतं त्यातलं. छान दिसत होती."

"खिसे?"

आता मी हे का विचारावं? पण विचारलं. आई म्हणाली, "सैल. टॅग सुळकन निघत होते. तुमचे शेरे शुक्रवारी मिळाले तिला. म्हणाली, बाबांनी बरोबर सांगितलंय. दोन दिवस बसून सगळे खिसे नव्याने केले पोरीने."

माझं ऐकून कोणी काम सुधारलं की मला बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. त्या दिवशी नाही वाटलं. उद्घाटनाच्या आदल्या दोन दिवसांत माणसाला काय काय करायचं असतं. तू खिसे चिकटवत बसलीस.

"आणि फीत?" मी विचारलं.

"साडेअकरापर्यंत थांबली. मग तिने गाठ सोडली. कापली नाही."

"रडली का?"

"दुकान उघडायच्या दिवशी रडतात का कुणी? हसून सगळ्यांना पाणी देत होती. मी रडले, मागच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांपाशी." मग ती म्हणाली, "मी तिला विचारलं, अगं, टॅग ओढलेलाच नव्हता हे दिसलं तुला, तर फोन का नाही केलास? म्हणाली, दोन दिवस फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. बाबांनी माझं कार्ड ओळखलं नसेल तर काय बोलायचं? आणि ओळखूनही शेरे लिहिले असतील तर मग बोलायचंच काय? म्हणाली, आई, तेवढं एक विचार त्यांना, ओळखलं का."

मी आईला म्हणालो, नाही ओळखलं. नमुना वाटला.

तिने ते तुला अजून कळवलेलं नाही. "तुम्हीच लिहा," म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली, त्यामुळे तिला काय ते कळलं असणार.

वरती मी तुलाही तेच लिहिलं आहे, की मी ते नमुन्यांतलं समजलो. ते खोटं आहे. खाडाखोड करणं माझ्या हाताला जमत नाही, म्हणून तसंच राहू देतो. पण खरं आता लिहितो.

पाकीट उघडल्याबरोबर ओळखलं. तू डावरी. कडांना शाई लावताना स्पंज तू डावीकडून आत नेतेस, म्हणून तुझ्या कार्डाची डावी कड कायम थोडी गडद. मी ते वर्षानुवर्षं टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलं आहे. हजार कार्डांत ठेवलं असतं तरी हात तिथेच गेला असता.

ओळखलं, आणि मी पहिल्यांदा काय केलं असेल? पेन्सिलीला टोक काढलं.

मी स्वतःला सांगितलं, तिने नाव घातलेलं नाही, मजकूर लिहिलेला नाही, म्हणजे तिने कामच पाठवलंय. तिला माझं मत हवंय. बाकी काही हवं असतं तर फोन केला असता. आपला फोन म्हणजे तरी काय, "जेवलात का," "जेवलो," "आईला देतो." पण मत हवं असेल, या विचाराने मला किती आनंद झाला हे मी तुला सांगू शकत नाही. घरातून जाताना तू म्हणाली होतीस, "बाबा, तुमच्या टेबलावर माझं काहीच संपत नाही." त्यानंतर तू परत त्या टेबलावर काही ठेवलंस, असं मला वाटलं. आणि टेबलावर ठेवलेल्या गोष्टीचं जे करायचं तेच मी केलं.

हे अर्धं खरं झालं.

कार्डावर कापलेलं एक दार होतं, त्याभोवती वेल होता. मी तो आधी छापील समजलो. मग उजेडात तिरका धरला. तू वेल डायने कापून काढला होतास आणि तोच आकार वेगळ्या शाईच्या कागदातून कापून त्या पोकळीत बसवला होतास. मी यासाठी किती वर्षं घालवली हे तुला ठाऊक आहे. शाईने कागद फुगतो आणि फुगलेला तुकडा त्याच पोकळीत मावत नाही. दाबून बसवला तर कड उचलते. मी कापून मग रंगवत आलो. तू बहुधा आधी रंगवलंस, पुरतं वाळू दिलंस, आणि मग कापलंस. एवढीच गोष्ट. मला नाही सुचली.

मी डोळे मिटून त्यावरून नख फिरवलं. सांधा लागला नाही. पुन्हा फिरवलं. लागला नाही.

त्या वेळी मला जे वाटलं त्यात आनंद होता, पण थोडा. उरलेल्याला नाव द्यायची माझी तयारी नाही. त्यानंतर मी शेरे लिहिले. बोटाचा ठसा. शिक्का तिरका. दाराचा वरचा कोपरा डायने पुरता सुटला नाही, ब्लेडने सोडवलाय, तंतू दिसतात. रिबिनीचं टोक उसवलंय. खिसा घट्ट. अनोळखी माणसाचं असतं तर दोन लिहून थांबलो असतो. वेलाबद्दल एक अक्षर नाही लिहिलं. चांगल्यावर शेरा द्यायची माझ्याकडे पद्धतच नाही, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. पद्धत कसली. जमत नाही.

टॅग मी ओढला असता तर निघाला असता. कागद फाटेल या भीतीने ओढला नाही, असं शेऱ्यात सूचित केलंय. खरं म्हणजे मला तोवर घाई झाली होती. ते कार्ड टेबलावरून, घरातून जायला हवं होतं.

आणि रविवारी. साडेनऊची बस गेली तरी दहाची होती. हात धुतले, शाई पुष्कळशी गेली. शर्ट घातला. कोपऱ्यापर्यंत आलोसुद्धा. मग डोळ्यांसमोर ते लाल खुणांचं कार्ड आलं, तुझ्या हातात. ज्याने हे लिहिलं त्यानेच येऊन फीत कापायची, लोकांनी टाळ्या वाजवायच्या, आणि तू शेजारी उभी राहून माझ्याकडे बघणार, ओळखलं होतं की नव्हतं हे शोधत. मला ते पेलवलं नाही. परत फिरलो. शर्ट घडी करून ठेवला आणि भोकं पाडली.

तर, ओळखलं का, याचं उत्तर हो असं आहे. हेच मला लिहायचं होतं. 'नाही' म्हटलं असतं तर तुला कदाचित कमी लागलं असतं. पण मग माझ्या बापाला माझा हात ओळखू येत नाही, असं धरून तू त्या दुकानात बसली असतीस. ते मला चालणार नाही. तुझा हात मला माझ्याहून चांगला ओळखता येतो.

दुपारी

पुढचं वेगळ्या पेनाने आहे, घरचं टेबलावरच राहिलं. आई म्हणाली, "टपाल पुष्कळ झालं तुमचं. पायांनी जा."

तुझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, चपला शिवणाऱ्याच्या शेजारी बाक आहे. त्यावर बसलोय. त्याने विचारलं, "कुणाची वाट बघताय, काका?" मी म्हटलं, मुलीची. "कुठे असते?" समोरच. त्याने तुझ्या दुकानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग जा की आत. मधे काय नदी आहे?" मी मांडीवर कागद घेतला.

काचेतून तू दिसतेस. एक बाई प्रत्येक कार्ड उचलून परत ठेवतायत आणि तू त्यांना घाई करत नाहीस. मी असतो तर दुसऱ्या कार्डालाच कावलो असतो.

दारावरची पाटी पाहिली, खिडकीतली मांडणी पाहिली. त्यावर काही लिहीत नाही. छान आहे असंही लिहीत नाही, कारण माझ्या हातचं 'छान' तू कधी वाचलेलं नाहीस. आज एकदम वाचलंस तर डॉक्टरांना फोन करशील. ते तोंडी म्हणून बघायचं आहे. बसमध्ये मनातल्या मनात म्हणून पाहिलं, जमेल असं वाटतं.

हे चप्पलवाल्याच्या हाती आत पाठवतो. त्या बाईंचं आटपू दे, मग वाच. वाचून लगेच बाहेर बघायला हवं असं नाही. बघावंसंच वाटलं नाही तर तुझं काम चालू ठेव. मी समजेन, आणि त्याचा राग धरणार नाही. शेवटची बस सातला आहे. तोवर मी इथे आहे.

तुझा,
समोरच्या बाकावरचा,
बाबा