कडीला लावलेली पिशवी

२ जून, सोमवार

जोडणी परत तुटली! एका बाजूला आमचं बिलिंग: कोणाच्या घरी रोज कसली फुलं, वर्गणी कधी सुरू, कधी बंद. दुसऱ्या बाजूला क्लाउडवरची ती ॲनालिटिक्सची सेवा. ती म्हणे हा सगळा डेटा घेणार, मॉडेल बनवणार आणि उद्या कोण सोडून जाणार ते आज सांगणार. मधे मी. दोघंही एकमेकांचं ऐकायला तयार नाहीत. रुसलेल्या नवरा-बायकोचे निरोप पोचवावेत तसं चाललंय.

दुपारी क्षमा मॅडम खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. रोज दारोदार पूजेची फुलं पोचवणारी ‘दारफूल’ ही त्यांची कंपनी, काळजीही त्यांचीच. “श्रुतिका, गिऱ्हाइकं गळतायत गं. का, ते कळू दे मला. नाहीतर श्रावणाआधी भांडुप बंद करते, परवडत नाही.”

भांडुप? आईचं भांडुप! तशी आईकडे आता फुलं जातच नाहीत म्हणा. बाबा गेले, सुतक म्हणून बंद केली, ती बंदच. पण परत कधी सुरू करावीशी वाटली तर? आमची माणसंच तिकडे जात नसतील तर काय उपयोग?

३ जून, मंगळवार

जोडलं!! तारखेत दिवस आधी की महिना आधी — एवढंच भांडण होतं. आठवडा घालवला माझा.

५ जून, गुरुवार

फुलपुडीसारखी गोष्ट क्लाउडवर नेतोय याचं मलाच हसू येतं. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा. शेजारी प्लॅस्टिकच्या बाटल्यांची झाकणं बनतात, इकडे पहाटे झेंडू-शेवंतीचे ढीग. रात्री लोक दाराच्या कडीला कापडी पिशवी लावून झोपतात, सकाळी आमची माणसं त्यात पुडी टाकतात. पिशवी नसली की पुडी नाही. कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. ही पद्धत कंपनीच्या आधीची, ॲपच्या तर कितीतरी आधीची.

आम्ही फक्त ॲपमध्ये ‘पिशवी नाही’ असं बटण दिलं. काही दिवस सलग पिशवी दिसली नाही की बिलिंग वर्गणी आपोआप बंद करतं. मला वाटलं होतं, चांगली सोय केली.

मी स्वतः देव मानत नाही. घरी देव्हाराही नाही. सुयोग चिडवतो, “नास्तिक बायको, पण पगार देवाचा!” आहेच मग. त्याच पगारातून ह्याच्या बाईकचं पेट्रोल येतं.

१२ जून, गुरुवार

आज जे बघितलं ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

मॉडेलला मी फक्त तारखा आणि फुलं दिली होती. सण सांगितले नव्हते, वार सांगितले नव्हते. तर त्याने एक लाट काढून दाखवली. मागणी चढते, उतरते, परत चढते. दर साडेएकोणतीस दिवसांनी. मी चूक शोधत बसले. महिना तीसचा किंवा एकतीसचा, हे साडेएकोणतीस कुठून आणलं याने?

मग लख्ख झालं — चंद्र! चतुर्थीच्या दुर्वा, एकादशीची तुळस. घाटकोपरच्या एका वसाहतीत बौद्ध घरं बरीच आहेत, तिथे पौर्णिमेला पांढरी फुलं एकदम वाढतात. कुठल्याशा देशात पडलेल्या त्या मशीनला पंचांग कोणी दाखवलं नाही. त्याने अंधेरी ते मुलुंडच्या दारांवरून चंद्र शोधून काढला!

बिलांमध्ये चंद्र. अंगावर काटा आला, खरंच. क्षमा मॅडमना दाखवलं तर म्हणाल्या, “झकास. पण गळती?” बाई काही हलत नाहीत.

१६ जून, सोमवार

गळतीचं उत्तर आलं. मॉडेल म्हणतं, बंद झालेली वर्गणी म्हणजे गेलेलं गिऱ्हाईक. अशी घरं सगळीकडे. मार्केटिंगचा सुबोध खूश. “दे ना मला सगळे नंबर, लगेच मेसेज टाकतो. परत आणतो बघ एकेकाला!” दिले.

१८ जून, बुधवार

वाट लागली.

सुबोधचा मेसेज सगळ्या बंद घरांना गेला. “आम्हाला तुमची आठवण येते! परत या — पहिला हार आमच्याकडून भेट!” खाली हसरा चेहरा आणि फुलांचं चित्र.

फोन सुरू झाले. मुलुंडचे एक गृहस्थ — आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. “ताई, आमच्याकडे सुतक आहे. आईचा आज नववा दिवस. आत्ता कसला हार पाठवता?” मी सॉरी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मग अंधेरीहून एक बाई, घाईत, मागे बाळ रडतंय. “अहो, सोयर आहे आमच्याकडे! दहा दिवस देव बंद. नंतर लावू ना पिशवी, कुठे पळून चाललोय?”

आणि मग आईचा फोन. तिचा नंबरही बंदच्या यादीत होता. मीच दिला होता सुबोधला. डोळे मिटून, सगळ्यांबरोबर.

“तुझ्या कंपनीचो मेसेज इलो गो. आठवण येता म्हणता माझी. पयलो हार फुकट.” मग विचारलं, “कोणाक घालू? देवाक, की ह्यांच्या फोटोक?”

शेवटी म्हणाली, “जेवलंस काय?” आणि फोन ठेवला.

२० जून, शुक्रवार

सुबोध दोन दिवस माझ्याकडे बघत नाहीये, मी त्याच्याकडे. पण चूक त्या मेसेजच्याही आधीची आहे. ती आज सापडली.

घरात कोणी गेलं की पिशवी लागत नाही. कोणी जन्मलं तरी नाही. बिलिंग वाट बघून वर्गणी बंद करतं. दिवस संपले की ते घर ॲपवर परत वर्गणी घेतं आणि बिलिंग त्याला नवा नंबर देतं. म्हणजे आमच्या हिशेबी एक गिऱ्हाईक गेलं आणि दुसरं नवीन आलं. मी तेच उचलून क्लाउडवर नेलं. मशीनचा काय दोष? मीच त्याला एका घराचे दोन तुकडे करून दिले.

आता नंबरावरून नाही, दारावरून जोडायचं. इमारत, मजला, खोली. पत्ते लोकांनी कसे लिहिलेत ते बघून वेड लागेल! ‘गणपती मंदिराच्या मागे, पांढरा जिना’ — आता हे मशीनला कसं समजावू?

२४ जून, मंगळवार

जोडलं सगळं. मॉडेल पुन्हा चालवलं. पडद्याकडे बघत बसले, चहा गार झाला.

ती घरं गेलेली नव्हतीच. जवळपास सगळी परत आली होती!

रेषा तुटते. दहा दिवस, कुठे तेरा. रिकामी जागा. मग परत सुरू — तीच फुलं, तेच दार. बोरिवलीत, घाटकोपरला, चारकोपला आम्ही राहतो त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर. मी रोज ज्यांच्या दारावरून जाते त्यांच्या रेषेतही एक रिकामी जागा निघाली, गेल्या वर्षीची. मला पत्ताही नव्हता.

जन्म आणि मरण मॉडेलला सारखंच दिसतं. ती रिकामी जागा बाळाची की तिरडीची, हे त्याला सांगता येत नाही, मलाही नाही. पण त्या जागेच्या पलीकडे रेषा आहे. एवढ्या घरांत माणूस गेला आणि एवढ्या घरांत कोणीतरी उठून, एका रात्री, पिशवी परत कडीला लावली. कसं जमतं लोकांना? मी डोळे पुसले तर सुबोध म्हणाला, “एसी वाढवू का?” गाढव! पण इतक्या दिवसांनी बोलला तरी.

मग भांडुपची रेषा उघडली. आमची. दिवाळीच्या आधी तुटलेली. पलीकडे काही नाही.

१ जुलै, मंगळवार

भांडुप वाचलं! गिऱ्हाइकं गळतच नाहीत म्हटल्यावर क्षमा मॅडमनी चक्क माझ्या पाठीवर थाप मारली. पण लगेच नवीन कल्पना. “वर्गणी बंद होताना कारण विचारू या. प्रवास, सुतक, सोयर... मॉडेलला बरं पडेल ना?”

मी म्हटलं, नाही.

“अगं, एक टिचकी तर मारायचीय.”

“मॅडम, पिशवी लावत नाही म्हणजेच सांगतात ते. त्याच्यावर आपण परत विचारायचं?”

त्यावर म्हणाल्या, “माझे वडील गेले तेव्हा दूधवाल्याने विचारलं होतं, आजपासून अर्धा लिटर कमी का.” आणि केबिनमध्ये निघून गेल्या. कारण विचारायचं नाही असं ठरलं. रिकाम्या जागेत मेसेजही जाणार नाही, असं कुलूप मी स्वतः लावून टाकलं.

१३ जुलै, रविवार

भांडुपला गेले. आईने घावणे केले होते, नारळाचा रस. खाताना धीर करून विचारलं, “आई, देवावर अजून राग आहे का गं?” मला इतके महिने तसंच वाटत होतं. बाबांसाठी एवढं केलं आणि देवाने ऐकलं नाही, म्हणून फुलं बंद. आणि मजा बघ, मी देव न मानणारी, पण तिने मानावा म्हणून जीव टाकतेय!

आई हसली. कितीतरी दिवसांनी. “मी देवाशी कित्याक भांडू गो? दिवो लावतंय रोज.” मग तव्याकडे बघत म्हणाली, “पिशयी हे लावीत. रात्री जेवान झाला काय पयली पिशयी, मगे कडी. माझो हातच जायना थंय.”

एवढंच होतं.

स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला बाबांची ती खाकी पिशवी अजून आहे. एक बंद तुटलेला, बाबांनी गाठ मारलेली. “मी लावू का आज?” म्हणाले. आई म्हणाली, “नको.” रागाने नाही. मग घावणा उलटला.

येताना रिक्षात रडले. रिक्षावाल्याने आरसा दुसरीकडे वळवला, भला माणूस.

२२ जुलै, मंगळवार

करायला नको होतं, पण केलं. मॉडेलला आमच्या घराबद्दल विचारलं: परत येण्याची शक्यता किती? आकडा लिहीत नाही. शून्य म्हणायला लाज वाटली म्हणून थोडासा वर ठेवला असावा त्याने. म्हणतं, इतके महिने तुटलेली रेषा परत जुळत नाही.

आणि मॉडेल आता चुकत नाही. मीच बनवलंय ना इतकं चांगलं!

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. मागणी दुप्पट. आई नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

सकाळी डेटा इकडून तिकडे जाताना एक नोंद अडकली. बिलिंग घ्यायला तयार नाही, मॉडेल घ्यायला तयार नाही — जिथे वर्गणीच चालू नाही तिथे पुडी पोचली म्हणे. भांडुपला फुलं टाकणाऱ्या निलेशचा शेरा: “पिशवी होती. टाकली.” सोबत फोटो. आमचं दार. कडीला खाकी पिशवी, एका बंदाला गाठ.

आज सण नाही, काही नाही. साधा बुधवार!

मी फोन उचलणार, तर तिचाच आला. “गो चेडवा, तुझ्या कंपनीक सांग — दुर्वा सुकलेली होती आणि जास्वंद नाय. असली फुलां देतत काय?”

तक्रार नोंदवून घेतली.