तारेत मावेल तेवढी जागा

हेब्बाळ, बेंगळूर
८ मार्च १९५९

ती. दादा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. उमाकांत मजेत आहेत. कारखान्यात नवी यंत्रं आल्यानं घरी यायला उशीर होतो. माझी तब्येत आता बरी आहे.

आज शेजारच्या गंगव्वाविषयी लिहायचंय. ती निपाणीकडची, एकटीच राहते, भाजी विकते. आमचे घरमालक आप्पाजी तिला म्हणाले, "मागच्या भिंतीला लागून ह्या तारेत मावेल तेवढी जागा घे, हवं ते पिकव." तार साठ हात. भिंतीची बाजू आयती मिळणार, तार उरलेल्या तीन बाजूंना. पण भिंतीच्या कोपऱ्यापासून चोवीस हातांवर विहीर, तिच्यापुढं जाता येत नाही.

गंगव्वानं खुंट्या ठोकल्या होत्या: भिंतीलगत दहा हात, आत पंचवीस. "लांबडी पट्टी बरी न्हवं, अक्का?"

मी कोळसा घेऊन फरशीवर बसले. दोन बाजूंचा गुणाकार जास्तीत जास्त हवा. विहीर नसती तर तीस आणि पंधरा, म्हणजे साडेचारशे. तिसाच्या जितकं अलीकडं थांबावं तितका गुणाकार घटतो. मग थेट विहिरीपर्यंत जायचं! चोवीस आणि अठरा, चारशे बत्तीस. तिच्या पट्टीत अडीचशेच होते.

खुंट्या हलवल्यावर गंगव्वा त्या जागेतून चालून आली. "येवढं समदं माझं?" म्हणून हसली, आणि मला रडू फुटलं.

दादा, बाळ गेल्यापासून मी गणिताला हात लावला नव्हता. तुम्ही प्रत्येक पत्रात एक उदाहरण घालायचात, बाळाबद्दल अक्षर नाही. मला राग यायचा. आता वाटतं, दुसरं काय लिहावं हे तुम्हालाही सुचत नसेल.

गंगव्वाला मी सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "नाव काय ठेवलं होतं, अक्का?" तोवर कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही दोघांनी मनाशी ठरवलेलं नाव मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं.

त्या संध्याकाळी उमाकांतना म्हटलं, "मला बी.एस्सी. पुरी करायची आहे." ते म्हणाले, "कधी म्हणतेस, याचीच वाट बघत होतो." जूनपासून कॉलेजला जाईन.

उदाहरणं पाठवत राहा, आता अवघड पाठवा. आणि त्याच्याबद्दलही विचारा. मी रडले तरी सांगेन.

तुमची नयना,
प्राणेशची आई