अर्ध्या टाकीची कबुली

मी, ससाहारा तोकुजिरो, वय वर्षे एक्क्याऐंशी, धंदा भातशेती, राहणार कामिनाझावा वाडी, यामागाता प्रांत, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. पुरावा हवा असल्यास: आज सकाळी मी ट्रॅक्टर हिवाळ्यासाठी आवरून झाकला, आणि त्यासाठीच्या सात कामांपैकी सातही माझ्या लक्षात राहिली. हे लिहिण्यासाठी कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. उलट सेंदाईहून सूनबाई कानाए फोनवर म्हणाली, "बाबा, एवढी घाई कसली? तुम्ही आम्हा सगळ्यांना पुरून उराल." तिच्या आवाजात कौतुक किती आणि धास्ती किती, ते फोनवरून कळले नाही.

हे माझे दुसरे मृत्युपत्र. पहिले मी दोन वर्षांपूर्वी मोठ्या तब्येतीत लिहिले होते आणि शेवटी तारखेच्या जागी "डोंगराने पांढरी टोपी घातली त्या सकाळी" असे घातले होते. नोटरीच्या कचेरीतल्या बाईंनी ते वाचून चष्मा कपाळावर चढवला.

"आजोबा, ही कोणती सकाळ?"

"टोपी घातली ती."

"छान आहे हो. पण तारीख नाही, म्हणजे हा कागद शेकोटीला."

म्हणजे सहावीत शाळेच्या बाईंनी माझ्या कवितेला दिलेली शाबासकी मला पंच्याहत्तरीनंतर महागात पडली. याच कचेरीतल्या बाईंनी आणखी एक गोष्ट बजावली: साक्षीदार दोन हवेत, आणि साक्षीदाराला या कागदातून एक चमचासुद्धा मिळता कामा नये. मिळाला तर ती देणगी रद्द. हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

कलम पहिले. राहते घर, मागची शेड आणि कालव्यालगतची भातखाचरे माझा मुलगा नोबुआकी याला. त्याने शेती करावी असा माझा आग्रह नाही. त्याला कुदळ कोणत्या बाजूने धरतात तेही आठवत नसेल. खाचरे कोणालाही कसायला द्यावीत, फक्त पडीक टाकू नयेत. छपरावरचा बर्फ वेळेवर उतरवावा, आणि तो उतरवताना माझ्यासारखे आकाशाकडे बघत उभे राहू नये. मी दोनदा खाली आलो आहे.

कलम दुसरे. टपाल खात्यातली शिल्लक कानाएला. नोबुआकीने "मला का नाही" असे विचारू नये, आणि विचारलेच तर कानाएने सांगू नये.

कलम तिसरे. माझ्या कवितांच्या अकरा वह्या मठाचे भिक्षू काइदो यांना. त्यांच्या मठात थंडी फार आणि सरपण कमी.

कलम चौथे. ट्रॅक्टर. हे कलम लांब आहे, कारण खरे मृत्युपत्र एवढेच आहे.

हा लाल, लहान ट्रॅक्टर मी चौतीस वर्षे चालवला. दर नोव्हेंबरात, शेवटची कामे उरकली की मी तो शेडसमोर आणून धूत असे. धुताना शाळेत पाठ केलेली हिवाळ्याची कविता म्हणत असे. कडवी सात. सातवे संपेपर्यंत चिखल निघून जाई, हात गारठलेले असत, आणि घरातून फुसाए, माझी बायको, हाक मारी, "अहो, पाणी तापलंय, अंघोळीला चला. बाकीचं राहू द्या."

मी बाकीचे राहू देत असे. एप्रिलमध्ये किल्ली फिरवली की ट्रॅक्टर पहिल्याच झटक्यात सुरू होई. मग मी साऱ्या वाडीला सांगत फिरे, "यंत्राला जीव लावावा लागतो. कविता ऐकवावी लागते." चौतीस वर्षे मी हे सांगितले. कोणी काही बोलले नाही. हे लोक इतके सभ्य असतील असे मला वाटले नव्हते.

तीन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात फुसाए गेली. त्या नोव्हेंबरात मी ट्रॅक्टर धुतला, सातही कडवी म्हटली, सातव्याला रडलो, आणि अंघोळीला गेलो. पाणी मीच तापवले होते, ते कोमट होते.

एप्रिलमध्ये ट्रॅक्टर खोकला आणि गप्प झाला. मी डिझेल काचेच्या बरणीत काढून पाहिले. तळाशी बोटभर पाणी.

आता आमच्या वाडीत एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी कालवा साफ करतात. घरटी एक माणूस, हातात फावडे. त्याशिवाय कोणाच्याच खाचरात पाणी येत नाही, म्हणून त्या दिवशी भांडण काढायचे नाही असा रिवाज आहे. मी त्या दिवशी भांडण काढले. शेजारचा इतागाकी गेन्झो, माझ्या वर्गातला, माझ्या मागच्याच बाकावरचा, गाळ उपसत होता. माझ्या शेडची किल्ली आमच्या घराबाहेर फक्त त्याच्याकडे असे. तेवीस घरांची माणसे ऐकत असताना मी बरणी वर धरून म्हणालो, "गेन्झो, माझ्या टाकीत पाणी तूच ओतलंस. मागच्या वर्षी बांधाच्या वादात हरलास, त्याचा राग काढलास."

गेन्झोने फावडे चिखलात रोवले.

"तोकु, पाणी टाकीत नाही रे, तुझ्या डोक्यात झालंय."

एवढे बोलून तो खालच्या टोकाला जाऊन गाळ काढू लागला. त्या दिवसापासून तो खालच्या टोकाला आणि मी वरच्या.

चार दिवसांनी सहकारी संस्थेची मेकॅनिक आली. तरुण बाई, हातोपे काळेकुट्ट. तिने एअर फिल्टर उघडला, आतून उंदराचे घरटे काढले. त्यात माझ्या एका कवितेचा कागद होता. क्लचच्या पट्ट्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या. मग टाकीत डोकावून तिने विचारले, "आजोबा, टाकी अर्धी ठेवून बंद केला होतात का?"

"हो. डिझेल कशाला वाया?"

"अहो, अर्धी टाकी म्हणजे वर अर्धी हवा. थंडीत हवेला घाम फुटतो, टाकीच्या भिंतीवरून खाली उतरतो. हे पाणी हिवाळ्यानं घातलंय." आणि हात पुसत म्हणाली, "आजवर फुसाए काकू यायच्या ना आमच्याकडे दर नोव्हेंबरात कॅन घेऊन, डिझेल न्यायला. टाकी काठोकाठ भरायला. म्हणायच्या, ह्यांना सांगू नकोस, ह्यांना वाटतं कवितेनं चालतो."

म्हणजे मी अंघोळीत असताना ती शेडमध्ये असे. बाकीचेही मेकॅनिकनेच सांगितले. क्लचचे पेडल दाबून आकडा लावी, पट्ट्या चिकटू नयेत म्हणून. रोटाव्हेटर जमिनीवर टेकवी, पात्यांना ग्रीस चोपडी, फिल्टरच्या तोंडाला फडके बांधी, बॅटरी काढून घरात ठेवी, आणि एप्रिलआधी सगळे पूर्ववत करी. मी कविता म्हणत होतो. ट्रॅक्टर ती वाचवत होती.

हे मला कळले त्या संध्याकाळी मी गेन्झोच्या दारापर्यंत गेलो. आतून मुळ्याच्या लोणच्याचा वास येत होता. मी परत आलो. त्यानंतर आणखी चार वेळा गेलो आणि चार वेळा परत आलो. अडीच वर्षे झाली. बरणी दाखवताना माझा आवाज पार पुलापर्यंत गेला होता. "चुकलो" म्हणायला मात्र तो दारापर्यंतही पोचला नाही.

म्हणून लिहून ठेवतो: गेन्झोने माझ्या टाकीत पाणी ओतलेले नाही. बांधाच्या वादातही तोच बरोबर होता, मीच हद्दीची काठी वीतभर सरकवली होती. माझ्यामागे हे कलम कालवा साफ करायच्या दिवशी, तेवीसही घरांसमोर मोठ्याने वाचावे. आणि या खोट्या आळाचा दंड म्हणून ट्रॅक्टर इतागाकी गेन्झो याला द्यावा. त्याने तो नाकारल्यास कानाएला. मागच्या मे महिन्यात तिने एका दुपारी माझ्यापेक्षा सरळ तास काढले आणि वर विचारले, "बाबा, तुम्ही चौतीस वर्षं वाकडंच चालवत होता का?"

कलम पाचवे. रोटाव्हेटर, बांध लिंपायचे यंत्र आणि बर्फ ढकलायचे पाते ट्रॅक्टरबरोबरच जावे. त्यांना वेगळे करू नये. कोणाला एकटे ठेवले की काय होते, ते मी पाहिले आहे.

कलम सहावे. ग्रीसगन. फुसाएच्या रबरी बुटांच्या खोक्यात सापडली. दांड्यावर खिळ्याने "इतागाकी" असे कोरले आहे. म्हणजे फुसाएला ती गेन्झोनेच दिली होती, आणि त्याला पहिल्यापासून सगळे ठाऊक होते. त्या दिवशी कालव्यावर एक वाक्य बोलला असता, तर तेवीस घरे माझ्यावर हसली असती. तो बोलला नाही. ग्रीसगन मी देत नाही, त्याचीच त्याला परत करतो. चमच्याच्या हिशेबात ती धरू नये.

कलम सातवे. साक्षीदार. पहिले भिक्षू काइदो, वह्या त्यांना दिल्याचे ऐकून ते हसत म्हणाले, "मग मी सही करतो, म्हणजे ती देणगी रद्द." दुसरी जागा रिकामी ठेवली आहे. हा कागद आणि ग्रीसगन उद्या सकाळी काइदो गेन्झोच्या घरी नेतील. माझे पाय दारापाशी वळतात. गेन्झोने सही केली तर ट्रॅक्टर त्याचा राहत नाही. सही केली नाही तर ट्रॅक्टर त्याचा, पण मला माफ केले की नाही ते मला कधीच कळणार नाही. यातले काय व्हावे असे मला वाटते, ते कायद्याने विचारायचे कारण नाही.

वरील सर्व माझ्या हाताने लिहिले, वाचले, तीन ठिकाणी खोडले. यमक कुठे जुळले असेल तर ते अनवधानाने.

ससाहारा तोकुजिरो (सही व शिक्का)
कामिनाझावा वाडी
दिनांक २१ नोव्हेंबर २०२३. मंगळवार. डोंगराबद्दल काही लिहीत नाही.

साक्षीदार पहिला: काइदो, ऱ्योसेन मठ. (सही)

साक्षीदार दुसरा: इतागाकी गेन्झो. (सही व शिक्का) दिनांक २२ नोव्हेंबर २०२३.

साक्षीदाराच्या हातचा शेरा: कागद दोनदा वाचला. सही करण्याआधी शेडमध्ये जाऊन आलो. सहा कामे ठीक आहेत. बॅटरी काढलेली नव्हती. काढून तोकुच्या स्वयंपाकघरात फ्रीजमागे ठेवली. तेव्हा तो अंघोळीला गेला होता. ग्रीसगन मिळाली, रिकामी आहे. ट्रॅक्टर कानाएला जावा. चौथे कलम माणूस मेल्यावर वाचून मला काय उपयोग? येत्या एप्रिलात कालव्यावर, माझ्या शेजारी उभे राहून, तोकुने ते स्वतः वाचावे. चाल लावू नये.