एमिलच्या वाटेवरचं घर

सोमवार, २३ जानेवारी

आजचं घर म्हणजे निव्वळ थापा! जाहिरातीत काय, तर 'सगळं पायी अंतरावर'. जाऊन पाहते तर पायी अंतरावर एक पेट्रोल पंप, एक टायरचं दुकान आणि हायवे. एजंटला म्हटलं, "बाबा रे, पायी म्हणजे कुणाच्या पायी?" तो हसला. "मॅडम, तुमच्या बजेटमध्ये गाडी लागणारच."

माझा नवरा एमिल मागच्या सीटवर आपली जुनी पोस्टमनची टोपी मांडीवर घेऊन बसला होता. उतरलाच नाही. "हा भाग माझ्याकडे नाही," म्हणाला.

परत वेल्माकडे. मावसबहीण आहे म्हणून मागची खोली दिली तिने, नाहीतर न्यू ऑर्लिन्सला परत येऊन आम्ही राहणार कुठे? पण तिचं घर पार पूर्वेला. फुटपाथसुद्धा नाही. सोमवार, म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे लाल बीन्स आणि भात. एमिलने दोनदा वाढून घेतलं. ह्यूस्टनमध्ये सतरा वर्षं मीही दर सोमवारी हेच केलं, पण तो आपला एकच म्हणायचा — पाणी वेगळं आहे. होतंच वेगळं.

गुरुवार, २६ जानेवारी

जुन्या वस्तीत जाऊन आले. जायला नको होतं असं वाटतंय.

दारोदार पाहुण्यांसाठी किल्ली ठेवायच्या त्या नंबरांच्या कुलूपपेट्या! यजमान नाही, भाडेकरू नाही, कुणी नाही. दोन रात्रींचे मागतात तेवढ्यात आमचं एके काळी महिन्याचं भाडं निघायचं. आम्ही राहायचो ते घर आता मोहरीच्या रंगाचं केलंय आणि त्याला नाव दिलंय, 'जॅझ कॉटेज'. जॅझ कसला! तिथे आमच्या लेकीला, रेनीला, गोवर आला होता आणि मागच्या खोलीत पाणी गळायचं.

रस्त्यावर पाहुणेच पाहुणे, चाकांच्या बॅगा ओढत. एमिल घाबरला. माझा दंड धरून म्हणाला, "ओडी, सगळे बॅगा घेऊन निघालेत. वादळ येतंय का गं?"

नाही रे, म्हटलं. सुट्टीवर आलेत. त्याला पटलं नाही. आम्हीही त्या वादळाच्या वेळी दोनच बॅगा घेऊन निघालो होतो ना.

रविवार, २९ जानेवारी

चर्चला गेलो. ओळखीचं फक्त ऑर्गन.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

रेनीचा फोन. "मम्मी, घर मिळालं का?" नाही. "मग?" मग काय! शोधतेय. "ईस्टरपर्यंत ठरलंय आपलं. तिथली जागा ते त्यापुढे ठेवणार नाहीत."

तिथली म्हणजे ह्यूस्टनचं ते आठवण गेलेल्या म्हाताऱ्यांचं सेंटर. स्वच्छ आहे, नर्सेस गोड बोलतात, बाग आहे. आणि दारं नंबर दाबल्याशिवाय उघडत नाहीत. मुलीचा राग करू तरी कसा? सगळी घरं एकसारखी असलेल्या त्या कॉलनीतून एमिल बाहेर पडला आणि पोलिसांना हायवेवर सापडला, तेव्हा ती रात्रभर उलट्या करत होती. मग दाराला वरून कडी आली. तो रोज सकाळी टोपी घालून त्या कडीसमोर उभा राहायचा. ओरडायचा नाही. नुसता उभा. ते मला बघवायचं नाही.

तीस वर्षं इथल्या गल्ल्यांतून पायी टपाल वाटलंय त्याने. डोक्यातून जे गेलंय ते पायांत असेल, एवढीच माझी आशा. हे रेनीला सांगितलं तर म्हणते, "मम्मी, पाय काही डोकं नसतात." नसतील.

सोमवार, ६ फेब्रुवारी

झोप येत नव्हती म्हणून वेल्माला म्हटलं, तुझ्या आईची आठवण काढू. दोघी हसून हसून दमलो.

क्लोथिल्ड मावशी! मी एकोणीस वर्षांची, तिच्याकडे राहायला आलेली. गव्हर्नर निकल्स स्ट्रीटवर तिचं घर होतं, आता तिथे पार्किंग आहे. एमिल नवीन पोस्टमन. कान एवढे मोठे की टोपी त्यांच्यावरच टेकायची. मला पत्र कोण लिहिणार? कुणीच नाही. तरी हा रोज आमच्या पायऱ्या चढायचा, टोपी काढायचा — "आज तुमचं काही नाही, मिस ओडील. उद्या बघू."

मावशी आतून ओरडायची, "काही नाही हे सांगायला पोस्टमन येतो होय रे? माझं विजेचं बिल बरं वेळेवर आणतोस!" एकदा मी त्याला आत कॉफीला बोलावलं तर म्हणाला, "नको. मावशी रागावतील." आणि मावशी पडद्यामागे! अख्खा उन्हाळा हे चाललं. शेवटी मावशीच म्हणाली, पोरी, याच्याशी लग्न कर, नाहीतर माझ्या पायऱ्या झिजतील.

वेल्मा म्हणाली, "आई त्याला मनातून फार मानायची." मला हे माहीत नव्हतं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

ड्युमेन स्ट्रीटवर एक जोडघर आहे. एका छपराखाली दोन बिऱ्हाडं, एकामागे एक चार-चार खोल्या. एका बाजूच्या खिडक्या सदा बंद. कुलूपपेटी नाही! परवापासून त्यावरून जातेय, न्याहाळतेय. जपानी प्लमचं झाड अगदी दाराशी. आज धीर करून गेले. दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांवर एक म्हातारी वाटाणे सोलत बसली होती.

म्हटलं, "ही बाजू भाड्याने द्यायची आहे का?"

"कसली बाजू?"

"ही. बंद आहे ना?"

"बंद आहे ते ठाऊक आहे मला. मीच केलीय बंद." वाटाणे चालूच. "परवा गेलीस इथून. काल गेलीस. आज दोनदा. पायऱ्यांवर एक जिती बाई बसलीय ते दिसलं नाही? गुड मॉर्निंग नाही, कशा आहात नाही, आणि आली सरळ भिंती मागायला! कुठली गं तू? टेक्सासची?"

मी म्हटलं, मी इथलीच आहे.

"दिसलं ते," म्हणाली आणि आत गेली. दार लावलं.

शुक्रवार, १० फेब्रुवारी

अजून कान गरम आहेत. स्वतःला समजते कोण! वेल्माला सांगितलं तर उलट तीच हसली. "बरोबर बोलली बाई. ओडील, तू हल्ली रस्त्यावर कुणाशी बोलतच नाहीस. घरांचे नंबर वाचत चालतेस."

खरं आहे. ह्यूस्टनला कुणाला गुड मॉर्निंग म्हटलं की लोक मागे वळून बघायचे, हिला काय हवंय म्हणून. हळूहळू माझं तोंड मिटलं. कधी मिटलं ते कळलंही नाही. मावशी असती तर तिने मला उंबऱ्याबाहेर काढलं असतं.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

मार्डी ग्रा, गावचा मिरवणुकांचा सण. गावभर ढोल आणि मण्यांच्या माळा, आणि आम्ही दोघं टीव्हीसमोर. एमिल विचारतो, "आज टपाल नाही का?"

गुरुवार, २ मार्च

रेनीने सेंटरचे पैसे भरले. मला न विचारता! मी फोनवर नको नको ते बोलले. ती रडली. "मम्मी, तू पडलीस, तुला काही झालं तर डॅडीला कोण बघणार? तिथे तुम्हाला ओळखणारं कोण उरलंय?"

फोन ठेवला आणि मग मीही रडले. कारण प्रश्न बरोबर आहे. नुसतं पायी फिरता येणारं घर घेऊन काय करू? वाटेत कुणी हाक मारणारं नसेल तर तो इथेही हायवेच गाठेल.

शनिवार, ४ मार्च

आज अक्षराकडे बघायला वेळ नाही!

सकाळी ठरवलं, आज घर बघायचंच नाही. फक्त एमिलला चालवायचं. गाडी चर्चपाशी ठेवली आणि म्हटलं, चल, तू पुढे हो. मी मागे राहिले.

आधी जागच्या जागी उभा. मग टोपी घातली आणि निघाला. ताठ! गल्लीची कड धरून, मोडक्या फरशा चुकवत, बघायची गरज नाही. ज्या पायऱ्यांवर कुणी दिसेल तिथे टोपीला हात. "गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग." पाहुण्यांनाही! एक गोरा मुलगा दारूच्या झोपेतून नुकता उठलेला, त्यालाही. तोही बिचारा उठून उभा राहिला.

ड्युमेनवर वळला तेव्हा मी पावलं आखडती घेतली. तीच म्हातारी, तिच्याच पायऱ्या. एमिल तिच्यासमोर थांबला आणि टोपी काढली.

"गुड मॉर्निंग, मिस युलाली."

तिने मांडीवरचं वाटाण्यांचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "किती उशीर रे एमिल!"

"मिरवणुकीने रस्ता अडवला होता."

"सतरा वर्षं?"

"मोठी मिरवणूक होती," एमिल म्हणाला.

ती हसली. डोळे पुसले, रुमाला-बिमालाने नाही, सरळ पालथ्या हाताने. तिला समजलं होतं सगळं. मग माझ्याकडे मान वळवली. "आणि ही कोण?"

"ही ओडील. माझी बायको." जराही अडखळला नाही! गेले कित्येक महिने मी हे ऐकायला आसुसले होते.

"आता बोलता येतं का तिला?"

"गुड मॉर्निंग, मिस युलाली," मी म्हटलं. "कशा आहात?" शाळेतल्या पोरीसारखा माझा आवाज.

"गुडघे दुखतात. भाचा म्हणतो ही बाजू पाहुण्यांना दे, बक्कळ पैसा येईल. मी म्हटलं, मेल्या, मी जिन्यात पडले तर ते पाहुणे येतील का उचलायला? रोज नवी तोंडं. माझं नावसुद्धा माहीत नसतं." मग भाडं सांगितलं. इतकं कमी की मी परत विचारलं. "ऐकू येत नाही का तुला? तेवढंच. आणि सोमवारचे बीन्स तू शिजवायचे. मला आता ढवळवत नाहीत."

जिन्यात पडायला तिच्या घराला जिना नाही. मी लगेच हो म्हटलं.

शनिवार, १८ मार्च

आलो राहायला. समोरच्या घरात कुणाच्या तरी लग्नाआधीची पार्टी, बारा मुली एकाच गुलाबी रंगात. खेचरांच्या बग्ग्या खिडकीखालून जातात आणि वासही मागे ठेवून जातात. न्हाणीघराचं दार लागत नाही. मला सगळं आवडलंय.

झाडावर प्लम धरलेत. एमिलने एक तोडून खाल्लं, आंबट होतं, तोंड वेडंवाकडं केलं आणि दुसरं तोडलं.

शुक्रवार, २४ मार्च

पहिले काही दिवस मी लपून त्याच्या मागे जायची. आता नाही जात. मिस युलालीने गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय — कोपऱ्यावरचा बारवाला, शाळेपाशी पोरांना रस्ता ओलांडून देणारी बाई, शेवटच्या घरातला ट्रम्पेटवाला. मला वाटलं होतं इथे कुणी उरलं नाही. मीच त्यांच्यासमोरून नंबर वाचत गेले असणार.

सकाळी चिकोरीची कॉफी, टोपी, आणि निघतो. कुणी ना कुणी हाक मारून सांगतं, "मिस ओडील, एमिल चर्चपाशी आहे बरं!" दुपारच्या आत आपला आपण परत येतो. ह्या दाराला कडी नाही.

रविवार, २६ मार्च

रेनी येऊन गेली. गाडीत बसून डॅडीला गल्लीतून येताना बघत होती. खाली उतरली आणि मला घट्ट धरून राहिली. मग म्हणाली, "सेंटरला उद्या नको म्हणून कळवते." निघताना मिस युलालीला गुड नाइट म्हणायला विसरली नाही. माझीच लेक.

मी जिंकले! लिहिताना लाज वाटतेय, पण लिहिते.

सोमवार, २७ मार्च

बीन्स शिजत होते. मी पायऱ्यांवर बसले होते. एमिल वेळेवर आला, वर चढला, माझ्यासमोर थांबला. टोपी काढली.

"आज तुमचं काही नाही, मिस ओडील. उद्या बघू."

आणि उतरायला लागला.

म्हटलं, थांबा ना. आत या, कॉफी घ्या.

"नको," तो म्हणाला. "मावशी रागावतील."

मावशी बाहेर गेलीय, म्हटलं. तेव्हा आला.