टपावरची पॅनलं आणि माझी बाकीची मिळकत

मी, खाली सही करणारी, ट्रेलर चालवणाऱ्या ड्रायव्हरची थोरली मुलगी, वय अठरा पूर्ण, शिक्षण नववीत अर्धवट सोडलेलं, कामाला बॅटरीच्या दुकानात, हे स्वतःच्या हाताने लिहितेय. डोकं ताळ्यावर आहे. डावं मनगट मुरगळलंय, पण मी लिहिते उजव्या हाताने. मला कुणी भरीस घातलेलं नाही, कुणी दम दिलेला नाही. आई तर म्हणाली, या वयात असलं लिहू नये, अभद्र वाटतं. तिच्यासाठी आधीच सांगते, मला मरायचं नाहीये. मी वाचले म्हणून लिहितेय. ट्रेलरच्या टपावरून पाय सटकला तेव्हा पहिला विचार हाच आला की आता पॅनलांचं ते वायरिंग कुणाला कळणार.

हे तोंडाने सांगता आलं असतं. पण समोर माणसं बसली की माझे शब्द घशातच बसकण मारतात. शाळा त्यापायीच सुटली, तिथे उभं राहून उत्तर द्यायला लागायचं. कागदापुढे मी बरी बोलते.

याआधी मी असा कागद केलेला नाही. आणि मी आहे तोवर यातलं सगळं माझंच आहे, कुणी हात लावायचा नाही. हे खास धाकट्या भावासाठी लिहिलंय.

एक. घर आईबाबांचं, त्यावर माझा काही हक्क नाही. त्यातली खिडकीजवळची कॉट माझी. ती धाकट्या भावाला. तो आत्तापासूनच तिच्यावर पाय पसरून बघतोय. कॉटखालचा खोका मात्र न उघडता फेकायचा. आत काही नाहीये, पण म्हणून उघडायचा नाही.

दोन. बँकेतली माझी शिल्लक आईला. तिने आधी दाढ दाखवायची, फ्रीजचं मग बघायचं. ती एकाच बाजूने चावते हे कुणाला कळत नाही असं तिला वाटतं.

तीन. माझी हत्यारं, म्हणजे ड्रिल मशीन, पाने आणि वायरीला टोप्या दाबायची पक्कड, वेल्डर मामांना. ते माझे सख्खे मामा नाहीत, अख्ख्या डेपोचे मामा आहेत. पक्कड तशी कधीपासून त्यांच्याकडेच आहे, मागितली की "कुठली पक्कड?" म्हणतात. आता निदान ती कागदोपत्री त्यांची होईल.

चार. सोलरची पॅनलं, त्यांची वेगळी बॅटरी आणि सीटमागचा छोटा कूलर. हे सगळं मी माझ्या पगारातून घेतलंय. हे बाबांना, पण एका अटीवर. अट कळायला आधी झालेलं सांगायला लागेल.

बाबा गाडीतच झोपतात, गावात असले तरी. उकडतं म्हणून एसी लावतात आणि एसीसाठी इंजिन रात्रभर चालू. गाडी जागेवर उभी आणि डिझेल जळतंय. बाबांचे एक जोडीदार ड्रायव्हर असेच इंजिन चालू ठेवून झोपले. सायलेन्सर फुटलेला होता, धूर केबिनमध्ये भरला, ते उठलेच नाहीत. मी हे बाबांकडे एकदा काढलं तर म्हणाले, आपला सायलेन्सर नवा आहे. तेव्हापासून ते बाहेरगावी असले की सकाळी त्यांचा फोन येईपर्यंत मला चहा जायचा नाही.

म्हणून मी डिझेलचं बोलले. टपावर पॅनलं लावली तर कूलर उन्हावर भरलेल्या बॅटरीवर चालेल, इंजिन बंद, डिझेल वाचेल. डिझेल म्हटल्यावर बाबांनी मान वर केली.

पॅनलं बाबा, वेल्डर मामा आणि मी, आम्ही तिघांनी मिळून ट्रेलरच्या टपावर लावली. तिथे जागाच जागा. बोल्ट पक्के, वायर नीट बांधलेली, मामांनी वर उभं राहून नाचूनसुद्धा दाखवलं. आणि बाबा डेपोत माल उतरवायला गेले, तिथल्या माणसांनी रोजच्यासारखा तो ट्रेलर सोडवला आणि दुसरा जोडून दिला. पुढचा घोडा, म्हणजे इंजिन आणि केबिन, तेवढाच आमचा. मागचे ट्रेलर कंपनीचे, आज हा तर उद्या तो. बाबांचा जन्म गेला ट्रेलर जोडण्या-सोडण्यात, मामांचा गेला त्यांचे हुक जोडण्यात, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. बाबांचा फोन आला, "अगं, आपली पॅनलं कुठं गेली?" जसं काही ती माझ्या खिशात होती.

ती गेली होती चष्मेवाल्या काकांच्या गाडीमागे. काका बाबांच्याच कंपनीत माल वाहतात. त्यांना वाटलं मालकाने लावली. ते म्हणाले, मी मनातल्या मनात मालकाचे आभारसुद्धा मानले, ते आता वाया गेले. डेपोत हसून हसून लोकांची पोटं दुखली. बाबांना ते फार लागलं. घरी येऊन म्हणाले, काढून आण आणि विकून टाक, पुरे झाला हा खेळ.

काढायला मी वर चढले आणि शेवटच्या पॅनलपाशी पाय सटकला. पट्टा बांधलेला होता, कारण मामा तो बांधल्याशिवाय शिडी धरत नाहीत. मी ट्रेलरच्या बाजूला वाळत घातलेल्या कपड्यासारखी लटकले. बाबा खालून धावत आले. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता.

"काय पाहिजे ते सांग, देतो," ते म्हणाले, "पण खाली ये."

का कोण जाणे, उलटं लटकल्यावर माझा घसा मोकळा झाला. मी म्हणाले, "इंजिन बंद करून झोपत जा. मला डिझेलचं काही पडलेलं नाही. तुम्ही उठला नाहीत तर?"

बाबांनी मला झेलायला दोन्ही हात वर केले. मग म्हणाले, "बरं."

"शप्पथ?"

"अगं बाई, आधी खाली ये."

म्हणजे शप्पथ राहिलीच. पॅनलं विकली नाहीत. त्यातली मावतील तेवढी आम्ही केबिनच्या टपावर बसवली, घोड्यावर, म्हणजे आता ती बाबांबरोबरच जातील. पण चष्मेवाले काका म्हणतात, मुलगी लटकवून घेतलेला शब्द कोर्टात टिकत नाही. म्हणून अट इथे लिहिते. बाबांनी इंजिन बंद करूनच झोपायचं. मी असेन तेव्हाही आणि नसेन तेव्हाही. माझ्या मागे ते इंजिन चालू ठेवून झोपलेले दिसले, तर सगळी पॅनलं मोठ्या काकांच्या गाडीवर जातील. बाबांना काहीही चालेल, त्यांच्या थोरल्या भावाने ती मिरवलेली चालणार नाही.

उरलेली पॅनलं घराच्या गच्चीवर, आईच्या मिक्सरसाठी.

पाच. कूलरची बॅटरी आणि गाडी स्टार्ट करायची बॅटरी या दोन वेगळ्या आहेत, त्या एकमेकींना जोडायच्या नाहीत. बाबा म्हणतील, जोडली तर जोर येईल. जोर येणार नाही, सकाळी गाडी सुरू होणार नाही. मग ते म्हणतील इंजिन चालूच बरं होतं, आणि सगळं मुसळ केरात.

सहा. मोठे काका मला लहानपणापासून "मुकी" म्हणतात. हे नाव मी त्यांना साभार परत करते. त्यांचं माझ्याकडे दुसरं काही द्यायचं बाकी नाही.

या कागदावर बाबांची सही चालणार नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, असं दुकानाच्या बाईंनी सांगितलं, मी त्यांच्याकडेच कामाला आहे. मामांनाही त्यामुळे सही करता येईना. ते म्हणाले, मग पक्कड नको मला, सही करू दे. मी कागदावर पक्कडच ठेवली.

साक्षीदार पहिले, चष्मेवाले काका. त्यांनी सही करताना सांगितलं की मागच्या फेरीला त्यांची गाडी बाबांच्या शेजारी उभी होती आणि बाबांचं इंजिन बंद होतं. मी विचारलं, नक्की? ते म्हणाले, मी चष्मा लावून बघितलंय.

साक्षीदार दुसऱ्या, बॅटरीच्या दुकानाच्या मालकीणबाई. त्यांनी सगळं वाचलं आणि "मुसळ केरात" खाली रेघ मारली. राहू दे म्हणाल्या, छान आहे.

वरचं सगळं मी वाचून बघितलं, माझ्या मनासारखं आहे.

सही: ड्रायव्हरची थोरली.

ठिकाण: आमच्या गाडीची केबिन, डेपोच्या मागच्या भिंतीलगत. दिनांक चौदा मार्च, शनिवार, भर दुपार. बाबा मागे आडवे झालेत, कूलर चालू आहे, किल्ली माझ्या मांडीवर. बाबा घोरतात हे मला आजच कळलं. इतकी वर्षं इंजिनच्या आवाजात ते ऐकूच आलं नव्हतं.