राखेच्या डब्यातलं औषध

शीकोउ,
१२ डिसेंबर १९९४

प्रिय ताईस,
मान्छांगचा शि. सा. न. वि. वि.

आधी कबूल करून टाकतो, मग बाकीचं. मी बाबांना रस्त्यावरनं खरवडून आणलेलं औषध उकळून दिलं.

शिव्या द्यायच्या आधी पुढचं वाच. थंडी पडली की बाबांना खाज सुटते हे तुला माहितीये. यंदा तर नडग्यांवर खवले आलेत, चादर झटकली की कोंडा उडतो. पाठ दाराच्या चौकटीला घासत उभे राहतात. मी म्हटलं, कोळशाच्या गाडीचं खेचरही असंच करतं, तर चप्पल फेकून मारली. नेम अजून चांगला आहे. शेवटी ओढतच हाओ वैद्यांकडे नेलं. त्यांनी दोन्ही हातांची नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि म्हणाले, रक्त कोरडं पडलंय म्हणून आत वारा उठतो; आधी रक्ताला ओलावा देऊ, वारा आपोआप बसेल. मटण बंद, मिरची बंद, दारू बंद. तीळ खा, नासपती उकडून खा. आणि गावातला सार्वजनिक, गरम पाण्याचा हमामही बंद, त्यानं कातडी आणखी सुकते म्हणे. बाबांनी मटणाला मान डोलावली. हमामाचं ऐकून मात्र टोपी घालून उठलेच. खाणीतले जुने सोबती त्यांना तिथेच भेटायचे, एकमेकांची पाठ चोळून द्यायचे.

पाच पुड्या, पाच दिवस, मग परत नाडी दाखवायची. उकळायचं काम माझं. चोथा आई टाकायची तसाच चौकात टाकतो, म्हणजे लोकांच्या पायांबरोबर दुखणं निघून जाईल. तर गुरुवारी मी पुडी चुलीवर ठेवली आणि बिलियर्ड खेळायला गेलो. परत आलो तेव्हा सगळ्या गल्लीला वास सुटला होता, भांड्यात निव्वळ कोळसा. मग काय करणार? आदल्या दिवशीचा चोथा चौकात गोठून पडला होता, तो फावड्यानं उचलून आणला आणि उकळला. शेळीची एक लेंडी काढून टाकली. दुसरी असेल तर माहीत नाही.

बाबा वाडगा घेऊन आतल्या खोलीत गेले. रिकामा वाडगा आणून दिला आणि म्हणाले, आज जमलंय, कालच्यापेक्षा कडक आहे.

ताई, आता मला घास जात नाही. गावभरच्या लोकांनी तुडवलेलं दुखणं मी बाबांच्या पोटात घातलं. खाज तर तसूभर कमी नाही. त्यांना सांगू का?

जानेवारीअखेरच्या आपल्या नवीन वर्षाला तू येणार ना? बाबा विचारत नाहीत. पोस्टमन दिसला की मात्र दारातला बर्फ झाडायला निघतात, बर्फ नसला तरी.

हे वाचून झाल्यावरही थोडाफार लोभ शिल्लक राहिला, तर राहू दे.
तुझा,
मान्छांग


दोंगक्वान,
२३ डिसेंबर १९९४

चि. मान्छांग यास,
रुइफेनचे अ. उ. आशीर्वाद.

गाढवा, तुझं पत्र कारखान्यातली पाळी संपवून आल्यावर वाचलं. इतकी हसले की वरच्या खाटेवरची पोरगी फळीवर ठोसे मारायला लागली. इथे दमट इतकं, की मोजे चार चार दिवस वाळत नाहीत. यातली निम्मी ओल पाकिटात घालून पाठवता आली असती तर बाबांना वैद्य लागला नसता.

पण मला एक पटत नाही. आईच्या रश्श्यात मीठ चिमूटभर कमी पडलं तरी हा माणूस वाडगा सरकवून द्यायचा. त्याला रस्त्यावरचं औषध कडक लागतं? काहीतरी पाणी मुरतंय. त्यांना सांगू नकोस. आधी लक्ष ठेव.

मी यंदाही येत नाही. खेळण्यांची मोठी ऑर्डर आहे, आणि आत्ता जो जाईल त्याची जागा परत मिळत नाही. आठ जणी आहोत खोलीत, आठ गावच्या. माझं नाव अजून एकीलाही नीट घेता येत नाही. बाबांना हे कळवू नकोस, मीच लिहीन. दोनदा बसले लिहायला.

हात धूत जा. जेवत जा. माझी आठवण आली तर चिडवण्यापुरतीच येऊ दे.
तुझी,
ताई


शीकोउ,
९ जानेवारी १९९५

प्रिय ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाणी मुरतच होतं, तेही राखेत. आतल्या खोलीतल्या शेगडीखालच्या राखेचा डबा मीच ओततो ना? परवा तो जड लागला. राख ओली, काळी, आणि वास औषधाचा. संध्याकाळी दाराच्या फटीतून पाहिलं. बाबांनी सगळा वाडगा डब्यात ओतला आणि वर तोंडही पुसलं. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेळीची लेंडी आठवली. मिटलं.

मग चहाडी करायला हाओ वैद्यांकडे गेलो. ते मुळ्या तोलत होते, मान वर केली नाही. म्हणाले, मला माहितीये. दुसऱ्या खेपेला तुझ्या बाबांनी विचारलं, बरं झाल्यावर यायला नको ना? मी म्हटलं, बरं झाल्यावर कशाला येता? तेव्हापासून त्यांची नाडी आहे तिथेच आहे. त्यावर मी चिडून वैद्यांना विचारलं, मग पुड्या का देता? तर म्हणाले, पुड्या दिल्या नाहीत तर पाचव्या दिवशी येतील कशाला?

ताई, मग मला आठवलं. तिथे बाबांचा नंबर यायच्या कितीतरी आधी ते बाही वर सारून बसतात, एवढ्या थंडीत. वैद्य तीन बोटं मनगटावर ठेवतात ती बराच वेळ. दोघं बोलत काही नाहीत. आई गेल्याला तीन हिवाळे झाले. हमाम होता, तोही सुटला.

वैद्यांनी मला तिळाच्या तेलाचा आणि मेणाचा जांभळा लेप दिला. डबीवर लिहिलंय, पाठीला दुसऱ्याच्या हातानं लावणे. आणि बाबांना निरोप दिला, औषध प्या, बरं वाटलं तरी दर पाचव्या दिवशी लेप दाखवायला यावंच लागेल.

काल सणाची आठ धान्यांची खीर खाऊन झाल्यावर लावला. आधी फळीसारखे ताठ बसले. तुझे हात आहेत की बेडूक, म्हणाले. मी म्हटलं, तुमची पाठ आहे की भिंत, माती पडतेय. पाठ केवढीशी झालीय गं त्यांची. मध्येच विचारलं, रुइफेन येतेय का? तुझं पत्र माझ्या खिशात होतं. मी म्हटलं, गाडीची तिकिटं मिळणं अवघड आहे. ते म्हणाले, हो, तिकिटं नेहमीच अवघड असतात. मग म्हणाले, जरा खाली, डावीकडे.

आज राख कोरडी होती.

तू बाबांना लिहायचं ठेवलेलं पत्र लिहीच; टपाल दुपारी येतं, लेप लावून झाल्यावरच ते त्यांच्या हातात देईन. मी घरी थांबेन.

लोभाचं तुला काय सांगू, इथे बाबांना आणि तिथे तुला, दोन ठिकाणी पुरवायचाय, जपून वापर. आणि पाया पडतो तुझ्या, यातलं कुणाला सांगू नकोस. राखेचं मला कळलंय हे बाबांना नको, मी तुला सांगितलं हे वैद्यांना नको. लेंडीचं तर कुणालाच नको. लेप लावताना माझ्या हातून डबी दोनदा पडली ती गारठ्यानं. बाबांनीही तेच मानलंय. तू पण तेच मान, आणि कुणाला सांगू नकोस.

तुझा,
मान्छांग